कारखाना गेला, कामगार इथेच आहे
केंद्रीय श्रम व रोजगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मंत्रालयाने चारही कामगार संहिता लागू केल्या. २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. तेव्हापासून युनियनच्या खोल्यांत आणि वकिलांच्या टेबलांवर सर्वांत जास्त चर्चा झाली ती एकाच तरतुदीची. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला आता सरकारची परवानगी लागणार नाही. ती चर्चा व्हायलाच हवी होती. मी मात्र हे पत्र औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ८३ बद्दल लिहीत आहे. त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

या कलमाने ‘कामगार पुनर्कौशल्य निधी’ उभा केला. मालकाने कामगाराला कमी केले, तर त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशोबाने १५ दिवसांचे वेतन या निधीत भरायचे आणि ४५ दिवसांत ती रक्कम कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. ज्याचा कारखाना परदेशी मुख्यालयाच्या निर्णयाने हातातून गेला, त्या माणसाला नवे काम शिकण्यासाठी देशाच्या कायद्याने दिलेली रक्कम ती एवढीच. आणि तीही त्याला मिळत नाही. कारण ही वर्गणी फक्त कामगार कपातीच्या बाबतीतच द्यायची, असे कलमात स्पष्ट लिहिले आहे. अख्खा कारखाना बंद झाला तर हे कलम लागू होत नाही. कामगाराने स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी नाही, कारण कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती आधीच वगळलेली आहे. पुणे पट्ट्यातला कोणताही कामगार आपल्याला सांगेल की बहुराष्ट्रीय कंपन्या जाताना याच दोन वाटांनी जातात.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये कामगारांचे अर्ज, हिशोब आणि अपिले लिहून देण्याचे काम करतो. समोर एका कामगाराची फाइल आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण अशी फाइल कोणत्याही कंपनीची असू शकते. माणूस ४४ वर्षांचा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड, दोन वर्षे ट्रेनी, मग कायम, एकूण नोकरी १४ वर्षे. बॉडी शॉपमध्ये स्पॉट वेल्डिंगच्या रोबोंची लाइन सांभाळायचा. कंपनीने दिलेली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे प्लॅस्टिकच्या पाकिटांत नीट लावलेली आहेत, एक कायझेनचे बक्षीसपत्रही आहे. त्याखाली पगाराच्या स्लिपा, गृहकर्जाचा हप्ता दाखवणारे बँकेचे पुस्तक, मुलीच्या डिप्लोमाच्या फीची पावती. सर्वांत वर एक छापील अर्ज. मजकूर कंपनीचाच, नाव आणि टोकन नंबर पेनाने भरायचे. ‘मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय निवृत्ती मागत आहे.’ खाली तारीख. त्याच तारखेला त्याच्या शेजारच्या, त्यापुढच्या, सगळ्या लाइनने तेच भरलेले. पंधरवड्याच्या आत सही केली नाही तर जादा रक्कम मिळणार नाही, अशी नोटीस बोर्डावर लागली होती.

“साहेब, सही नसती केली तर काय केलं असतं?” त्याने मला विचारले. त्याच्या त्या प्रश्नाला मला आजही उत्तर देता आलेले नाही.

आता त्या एका सहीने काय झाले ते पाहा. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेरोजगाराला सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस देते, पण नोकरी स्वेच्छानिवृत्तीने गेली असेल तर देत नाही. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना त्याहून बरी आहे. ती पहिल्या वर्षी ५० टक्के आणि दुसऱ्या वर्षी २५ टक्के भत्ता देते, शिवाय दवाखानाही चालू ठेवते. तिला मात्र कपात, बंद किंवा कायमचे अपंगत्व, यांपैकी एक कारण लागते. आणि या दोन्ही योजनांच्या दारात २१,००० रुपयांची वेतनमर्यादा उभी आहे. ती २०१७ पासून तिथेच आहे. माझ्यासमोरच्या फाइलमधल्या माणसाचा पगार त्याहून जास्त होता, म्हणून त्याचा विमा केव्हाच सुटला होता. त्याच लाइनवर त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी मुलाचा पगार मर्यादेत होता, त्याच्याकडे विम्याचे कार्डही होते. पण त्याला कुणी कमी केलेच नाही. ठेकेदाराचा ठेका संपला, एवढेच. कायम कामगार पगारामुळे बाहेर, कंत्राटी कामगार कागदाअभावी बाहेर. मग या योजना नेमक्या कुणासाठी आहेत, हे मला आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.

सार्वजनिक नोंदीतले एक उदाहरण देतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. मे २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केले की वर्षअखेरीपासून भारतात गाड्या विकणार नाही. त्यानंतर तळेगावात निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या, मुख्यतः मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेसाठी. २४ डिसेंबर २०२० रोजी लाइन थांबली. २०२१ मध्ये सुमारे चौदाशे कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. त्याआधीच कारखाना चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला विकण्याचा करार झाला होता. सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची पूर्वपरवानगी लागेल, असा नियम एप्रिल २०२० मध्ये आला. ती परवानगी मिळाली नाही आणि २०२२ च्या जूनअखेर करार बारगळला. पुढे ह्युंदाईशी करार झाला, जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि आज त्या जागेवर ह्युंदाईच्या गाड्या बनतात.

लाइन थांबल्यापासून व्यवहार पूर्ण होईपर्यंत तीन वर्षे गेली. जमीन आणि यंत्रे कोणाला द्यायची, हा प्रश्न दिल्लीच्या टेबलावर होता. चीनच्या कंपनीला नको, हा निर्णय देशहिताचा असेल, मी त्यावर वाद घालत नाही. पण त्या निर्णयामुळे कामगारांची जी वर्षे गेली, त्यांचा खर्च देशाने उचलला नाही. तो कामगारांनी उचलला. युनियन न्यायालयांत आणि रस्त्यावर लढत राहिली, कुटुंबांसह उपोषणे झाली. सरकारच्या लेखी तो मालक आणि नोकर यांच्यातला तंटा होता.

उत्पादन परदेशी जाते तेव्हा प्रत्येक वेळी यंत्रे जहाजावर चढत नाहीत. कुठल्याशा शहरातल्या बैठकीत ठरते की अमुक बाजारासाठीचा माल यापुढे या कारखान्यातून घ्यायचा नाही. तमिळनाडूत श्रीपेरंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ पासून कोट्यवधी फोन बनवत होता. कराचा वाद पेटला, मालमत्ता गोठवली गेली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन-व्यवसाय घेतला तेव्हा हा कारखाना बाहेर ठेवला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला उत्पादन थांबले. हजारो कामगार, त्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या विशी-पंचविशीच्या मुली मोठ्या संख्येने, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सह्या करून घरी गेले. त्याच कंपनीने २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना बंद करून काम रोमानियाला नेले होते. तिथल्या कामगारांसाठी युरोपीय संघाच्या जागतिकीकरण समायोजन निधीतून मदत गेली.

अमेरिकेने तर हे १९६२ मध्येच कायद्यात लिहिले. अध्यक्ष केनेडी यांनी आयात शुल्क कमी करण्याचे अधिकार मागितले, तेव्हा त्याच कायद्यात व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ ही मदत योजना घातली. त्यामागचा विचार मला आजही पटतो. व्यापार खुला केल्याने साऱ्या देशाला स्वस्त माल मिळणार असेल, तर त्याची किंमत मोजणाऱ्या एका गावाला त्या फायद्यातला वाटा देणे हे सरकारचे देणे आहे.

पुढे या योजनेला जे रूप आले त्यात तीन कामगार एकत्र येऊन अर्ज करू शकत. युनियनही करू शके, मालकही. श्रम खात्याने ४० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा. कारखाना एकदा पात्र ठरला की तिथल्या कामगारांना प्रशिक्षणाचा खर्च मिळे आणि शिकत असताना आठवड्याचा भत्ता मिळे. शिकायला वेळ लागतो आणि तोवर घरात चूल पेटली पाहिजे, हे त्या योजनेने ओळखले होते. २००२ मध्ये सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचे कामगारही त्यात आले. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कमी पगाराची नोकरी धरावी लागली, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षे मिळू लागला, जास्तीत जास्त १०,००० डॉलर. ओहायोमधल्या लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सने मार्च २०१९ मध्ये शेवरोले क्रूझचे उत्पादन थांबवले, तेव्हा तिथल्या कामगारांना या योजनेखाली पात्र ठरवले गेले. पावणेदोन वर्षांनी तळेगावची शेवरोलेची लाइन थांबली. लॉर्ड्सटाउनचे दुःख हलके होते असे मी म्हणत नाही. माणसे घरे सोडून दुसऱ्या राज्यांत गेली. पण तिथल्या कामगाराला दार ठोठावायला एक सरकारी कचेरी होती.

अमेरिकेचे सगळे गोड आहे असेही नाही. १९६२ पासूनच्या पहिल्या सात वर्षांत एकही अर्ज मंजूर झाला नाही, इतक्या अटी कडक होत्या. पुढेही नोकरी व्यापारामुळेच गेली हे सिद्ध करावे लागे, त्यामुळे यंत्रमानवामुळे काम गेलेला माणूस त्याच गल्लीत राहूनही वंचित राहिला. चीनच्या मालामुळे उद्ध्वस्त झालेल्या भागांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. लोकांना अपंगत्व भत्ता आणि इतर वाटांनी पोहोचलेला पैसा या योजनेतून पोहोचलेल्या पैशापेक्षा कितीतरी जास्त होता, असे त्यांना आढळले. प्रशिक्षणाच्या उपयोगाबद्दलही एकमत नाही. २०१२ च्या एका सरकारी मूल्यमापनाने निराशा दाखवली. नंतर अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन हायमन यांनी पात्र ठरलेल्या आणि न ठरलेल्या कामगारांची तुलना केली, तेव्हा पात्र ठरलेल्यांची दहा वर्षांतली एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त भरली. आणि १ जुलै २०२२ पासून, संसदेने मुदत वाढवली नाही म्हणून, नवे अर्ज मंजूर होणेच थांबले. व्यापाराची झळ बसत असताना योजना बंद पाडणे ही मोठी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे अशी कल्पनाच नव्हती असे कुणी म्हटले तर ते खरे नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर कापड गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या, तेव्हा १९८६ मध्ये केंद्राने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के. वेतनमर्यादा तोकडी होती, तरीही तत्त्व योग्य होते. तीन वर्षे, हळूहळू कमी होत जाणारा आधार, आणि तो मालकाच्या मर्जीवर नाही. ही योजना २०१७ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत विलीन झाली, म्हणजे पुन्हा त्या वेतनमर्यादेच्या दारातच. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. त्यात पुनर्प्रशिक्षण होते, नवे रोजगार होते, पण प्रत्यक्षात पैसा मुख्यतः सरकारी उद्योगांच्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला. माणसाला बाहेर काढण्यासाठी पैसा होता, उभे करण्यासाठी उरला नाही. कलम ८३ चा निधी त्याच वाटेने जाऊ नये, म्हणून हे पत्र.

महोदय, मी खुल्या व्यापाराच्या विरोधात नाही. तळेगाव-चाकणचा सारा पट्टाच परदेशी गुंतवणुकीवर उभा आहे, तो नसता तर आमच्या कित्येक मुलांच्या हाती आयटीआयचा कागद घेऊन फिरण्यापलीकडे काही आले नसते. पण करारांची गती पाहा. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी करारावर सह्या झाल्या. तिथल्या गाड्यांवरचे शंभर टक्क्यांहून जास्त असलेले शुल्क ठरावीक कोट्यापुरते टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर यायचे आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन यांच्याशी केलेला करार लागू झाला. त्यात १५ वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवणूक आणि दहा लाख रोजगारांचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. येणाऱ्या रोजगारांचा आकडा करारात लिहिता येतो, तर जाणाऱ्या रोजगारांची सोय देशाच्या कायद्यात का लिहिता येऊ नये?

उद्योग यावेत म्हणून सरकार हात आखडता घेत नाही. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेसाठी १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना मोठ्या प्रकल्पांना कराचा परतावा, वीज शुल्क आणि मुद्रांक शुल्कात सवलत देते आणि ८० टक्के नोकऱ्या भूमिपुत्रांना द्या अशी अट घालते. त्या अटीवर भरती झालेला भूमिपुत्रच कंपनी गेल्यावर मागे राहतो. म्हणून पहिली मागणी हीच, की ज्या उद्योगाला केंद्राचे वा राज्याचे प्रोत्साहन मिळाले, त्याने ठरावीक वर्षांत उत्पादन गुंडाळले तर त्या लाभाचा काही भाग थेट तिथल्या कामगारांच्या पुनर्वसनासाठी परत यावा. ही अट प्रोत्साहनाच्या करारातच, पहिल्या दिवशी, लिहिली जावी. कंपनी निघाल्यावर तिच्या मागे धावून काही हाती लागत नाही.

त्याहून तातडीचे आहे ते सहीचे. कारखाना बंद होत असताना किंवा त्याच्या आगेमागे, समजा वर्षभराच्या आत, घेतलेली प्रत्येक स्वेच्छानिवृत्ती लाभांच्या दृष्टीने कपात मानली जावी. माणूस एकटा निवृत्ती मागतो ती गोष्ट वेगळी. सगळी लाइन एकाच आठवड्यात निवृत्ती मागते तेव्हा त्यात स्वेच्छा किती, हे ठरवायला न्यायालय लागत नाही. अशा वेळी बेरोजगारी भत्त्यासाठी वेतनमर्यादाही नको. भत्त्याच्या रकमेवर हवी तर वरची मर्यादा घाला, माणसाला दारातच अडवू नका. आणि उत्पादन परदेशी गेले की यंत्राने खाल्ले, याची चिकित्सा कामगाराकडून मागू नका. अमेरिकेची योजना तिथेच अडखळली. फाटकाला कुलूप लागले एवढा पुरावा पुरे.

कंत्राटी कामगार आणि व्हेंडर यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण मोठ्या कारखान्याच्या बातमीत ते कधी येत नाहीत. एका गाडीच्या कारखान्यामागे सीट शिवणारे, वायरिंग हार्नेस जोडणारे, प्रेसवर पत्रा दाबणारे कितीतरी छोटे शेड असतात. कुठे ३० माणसे, कुठे ४५. मूळ कारखाना थांबला की महिना-दोन महिन्यांत शेड रिकामे. पन्नासपेक्षा कमी कामगार असतील तर बंद करण्याआधी ६० दिवसांची नोटीस देण्याचेही बंधन नाही. कँटीनवाले, बसचे ड्रायव्हर, हाउसकीपिंगच्या बायका यांचे तर नावही कुठे लागत नाही. मुख्य कारखाना बंद झाल्याची नोंद झाली की त्याच्या हजेरीपटावरचे आणि गेटपासवरचे सगळे कंत्राटी कामगार, तसेच त्याला माल पुरवणाऱ्या शेडमधले कामगार, त्याच नोंदीखाली पात्र धरले जावेत. गेटपासची नोंद प्रत्येक कंपनीच्या संगणकात असते, ती मागायची फक्त इच्छा हवी.

आणि चाळिशी-पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी पगारातल्या फरकाची भरपाई. माझ्यासमोरच्या फाइलमधला माणूस आज चाकणला एका ठेकेदाराकडे बारा तासांच्या शिफ्टमध्ये काम करतो, पगार आधीच्या निम्म्याहून कमी. रोबोची लाइन चालवणारा माणूस तिथे क्रेट उचलतो. त्याला प्रशिक्षणापेक्षा मधल्या दोन वर्षांचा आधार हवा आहे, म्हणजे हप्ता थकणार नाही आणि मुलीचा डिप्लोमा पुरा होईल. प्रत्येकाला पुन्हा वर्गात बसवण्याचा आग्रह नको. ज्याला शिकायचे आहे त्याला भत्त्यासह शिकवा, ज्याला लगेच काम धरायचे आहे त्याला फरक द्या.

यातल्या काही गोष्टींना कायदा बदलावा लागेल, राज्यांशी बोलावे लागेल, अर्थ खात्याला पटवावे लागेल. वेळ लागेल हे मला मान्य आहे. पण कलम ८३ मध्येच केंद्र सरकारला १५ ऐवजी दुसरी दिवससंख्या अधिसूचित करण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि इतर मार्गांनी या निधीत पैसे घेण्याचीही तरतूद आहे. त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही. १५ दिवसांचे किमान १८० दिवस करा आणि निधीत केंद्राचा वाटा टाका. कारखाना बंद होणे आणि बंदच्या वेळी घेतलेली स्वेच्छानिवृत्ती या कलमात आणणारे दुरुस्ती विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडा. अधिसूचना मात्र आपल्या सहीने या महिन्यातही निघू शकते, आणि ती निघावी अशी माझी आपल्याला विनंती आहे.

आपला,
पिंपरी-चिंचवडमधील एक कामगार कार्यकर्ता